फलकावरची हजार वर्षे आणि झाडाचा खरा इतिहास

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. थॉमस पॅकनहॅम या इतिहासकाराने दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि डच वंशाचे बोअर वसाहतकार यांच्यात झालेल्या बोअर युद्धावर आणि युरोपीय सत्तांनी केलेल्या आफ्रिकेच्या वाटणीवर भरभक्कम ग्रंथ लिहिले आणि साठी ओलांडल्यावर ते जुन्या, विलक्षण झाडांवर लिहू लागले. ही उतारवयातली हौस समजायची की हाही इतिहासच? आणि दुसरे असे की, आपण कोकणातल्या ज्या गावी इतिहास शिकवता तेथल्या किल्ल्यात गोरखचिंचेचा एक प्रचंड वृक्ष आहे, त्यावर ‘वय हजार वर्षे’ असा फलक ठोकलेला आहे, आणि त्या झाडाविषयी इतिहास म्हणून टिकेल असे काही लिहिण्याची आपली इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

माझ्या मते हाही इतिहासच आहे, आणि तो कठीण इतिहास आहे. जुने झाड म्हणजे इतिहासाचे मूक साक्षीदार, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण साक्षीदाराची उलटतपासणी घेता आली पाहिजे आणि झाडाची ती घेता येत नाही. झाड एखाद्या जुन्या कागदासारखे वाचावे लागते. ते कोणी लावले, त्याला नाव कोणी दिले, त्याच्या खोडावर कोणी काय कोरले, त्याची पहिली लेखी नोंद कोणाच्या हातची आहे आणि त्या नोंदीतून कोण गळले आहे, हे सगळे विचारावे लागते. वसाहतकाळाच्या अभ्यासकाची उमर हेच प्रश्न विचारण्यात गेलेली असते. गेली सत्तावीस वर्षे मी स्वतः दफ्तरखाने आणि जुनी झाडे या दोन्ही ठिकाणी आलटून पालटून काम करत आलो आहे, आणि एका ठिकाणची शिस्त दुसऱ्या ठिकाणी मोडली तर काय होते हे मी अनुभवले आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी पॅकनहॅम यांच्याविषयी. त्यांचा जन्म 1933 चा. ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून ते इथिओपियात भटकले. 1969 मध्ये त्यांनी आयर्लंडमधल्या 1798 च्या उठावावर ग्रंथ लिहिला, 1979 मध्ये बोअर युद्धावर आणि 1991 मध्ये आफ्रिकेच्या वाटणीवर. बोअर युद्ध 1899 ते 1902 असे चालले, आणि ते लिहीत होते तेव्हा त्यात लढलेले काही सैनिक अजून हयात होते. त्या नव्वदीच्या आसपासच्या म्हाताऱ्यांकडे जाऊन त्यांनी त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या सरकारी कागदांशी ताडून पाहिल्या. हे युद्ध दोन गोऱ्या जमातींचे, असे त्या काळी म्हटले जाई. त्यात ओढल्या गेलेल्या कृष्णवर्णीय लोकांचा हिशेब त्यांनी ग्रंथात आणला. ब्रिटिशांनी बोअर बायकामुलांना डांबलेल्या छावण्यांत सुमारे 28,000 बोअर मरण पावले आणि त्यांत बहुसंख्य मुले होती, हे बोअरांच्या वंशजांनी स्मारके उभारून जपले. पण काळ्या लोकांसाठी वेगळ्या छावण्या होत्या आणि तेथेही निदान 14,000 माणसे मेली, ही गोष्ट सार्वजनिक स्मरणात यायला फार वर्षे लागली. कोणाची नोंद झाली आणि कोणाची राहिली, हा प्रश्न त्यांच्या हाती असा आधीपासून होता.

झाडांकडे ते वळले ते घरातूनच. आयर्लंडच्या वेस्टमीथ परगण्यात कॅसलपोलार्डजवळ टुलिनॅली येथे त्यांच्या घराण्याचा सतराव्या शतकापासूनचा वाडा आहे. तो 1961 मध्ये त्यांच्याकडे आला. घराण्याच्या नावावरून त्याला पॅकनहॅम हॉल म्हणत. त्याचे जुने आयरिश नाव, ‘हंसांची टेकडी’ या अर्थाचे, त्यांनी पुन्हा सुरू केले. आपले आडनाव पुसून जागेला मूळचे नाव देणारा माणूस नावांचे राजकारण ओळखतो, एवढे मी त्यावरून समजतो. वाड्याच्या आवारात बीच जातीची जुनी झाडे होती. 1991 च्या जानेवारीत वादळ येणार म्हणून ते टेप घेऊन त्या झाडांचे घेर मोजून आले, आणि वादळात त्यांतली कित्येक उन्मळून पडली. 1996 मध्ये त्यांनी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 60 झाडांची चित्रे शब्दांत आणि स्वतः काढलेल्या छायाचित्रांत मांडली. पुढे जगभरातल्या झाडांवर, मग आफ्रिकेतल्या गोरखचिंचेवर आणि दक्षिण आफ्रिकेच्या प्रदेशातल्या झाडांवर त्यांची पुस्तके आली. त्या पहिल्या पुस्तकात झाडांचे जे गट पाडले आहेत त्यांत मूळच्या रहिवासी झाडांचा एक आणि ‘प्रवासी’ झाडांचा एक असे गट आहेत. हा ‘प्रवासी’ शब्द माझ्या मनात फार काळ राहिला, कारण झाडे आपण होऊन समुद्र ओलांडत नाहीत. त्यांना जहाज लागते, रोपवाटिका लागते, पैसे लावणारा लागतो, आणि एकोणिसाव्या शतकात या सगळ्यांची वाट साम्राज्याच्या वाटेवरूनच जात होती.

याचे सगळ्यांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातला महाकाय सेक्वोया हा वृक्ष आहे. एक्सेटरच्या वीच या रोपवाटिकेसाठी बिया गोळा करणाऱ्या विल्यम लॉबने तो इंग्लंडला आणला आणि 1853 मध्ये जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला वेलिंग्टोनिया असे नाव दिले, कारण नेपोलियनला हरवणारा सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन आदल्याच वर्षी वारला होता आणि जगातल्या सर्वांत भव्य झाडाला त्याच्याहून योग्य नाव नाही असे लिंडलीचे म्हणणे होते. अमेरिकन लोक संतापले. त्यांना वॉशिंग्टनचे नाव हवे होते. ज्या मिवोक लोकांच्या डोंगरात ही झाडे उभी होती त्यांना कोणी विचारले नाही. शास्त्राच्या नियमाने ते नाव टिकले नाही, कारण दुसऱ्या एका वनस्पतीला ते आधीच दिलेले होते, आणि आजचे शास्त्रीय नाव 1939 मध्ये ठरले. तरीही ब्रिटनमध्ये लोक अजून वेलिंग्टोनियाच म्हणतात. हाच वेलिंग्टन, म्हणजे आर्थर वेलस्ली, 1806 मध्ये पॅकनहॅम घराण्याचा जावई झाला होता. त्याची पत्नी किटी पॅकनहॅम याच आयरिश वाड्यातली.

आणि हाच वेलस्ली त्याच्या तीन वर्षे आधी आपल्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, येऊन गेला होता. 8 ऑगस्ट 1803 रोजी त्याने शिड्या लावून नगरची पेठ घेतली आणि 12 ऑगस्टला भुईकोट किल्ला त्याच्या ताब्यात आला. 23 सप्टेंबरला असईची लढाई झाली. किल्ला घेतल्यावर त्याने जवळच्या एका चिंचेखाली बसून भोजन केले अशी आख्यायिका आहे, आणि त्या जागेची खूण म्हणून जुन्या तोफा रोवल्या गेल्या. आता ही आख्यायिका घेऊन आपण काय करावे? ती खरी की खोटी एवढेच विचारून थांबलो तर हाती फारसे काही येत नाही. सेनापतीने कोठे तरी भोजन केले असणारच, आणि नगरच्या परिसरात चिंचांना तोटा नाही. त्याहून मोलाचा प्रश्न असा की, ही जागा राखावीशी कोणाला वाटली, केव्हा वाटली, आणि त्या पेठेच्या तटावर लढून मेलेले शिंद्यांच्या बाजूचे अरब आणि पायदळातले शिपाई यांच्यासाठी तशी एखादी चिंच का राखली गेली नाही. विजेत्याच्या भोजनाचे झाड जपले गेले, ही त्या झाडाविषयीची आपल्याला खात्रीने सांगता येणारी गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच त्याची ऐतिहासिक किंमत आहे.

याच दृष्टीने मला आफ्रिकेतले एक झाड सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याची हकीकत मराठी वाचकाला माहीत असायलाच हवी, कारण तिचे एक टोक नाशिकला आहे.

डेव्हिड लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश धर्मप्रसारक आणि प्रवासी 1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबो या मुखियाच्या गावी वारला. त्याच्याबरोबरच्या आफ्रिकी माणसांनी त्याचे शव किनाऱ्यापर्यंत न्यायचे ठरवले. त्यांनी हृदय आणि आतडी एका पत्र्याच्या डब्यात घालून एका मोठ्या झाडाखाली पुरली, शवाला मीठ लावून ते सुमारे पंधरवडाभर उन्हात वाळवले, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळले, आणि सुमारे दीड हजार किलोमीटर चालत 1874 च्या फेब्रुवारीत बागामोयोला पोहोचवले. दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइट या तरुणाने, आणि त्यानेच त्या झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचे नाव, तारीख आणि आपल्या काही सहकाऱ्यांची नावे कोरली. निघण्यापूर्वी त्यांनी दोन जाड खांब आणि त्यांवर आडवे लाकूड अशी दाराच्या चौकटीसारखी रचना उभी केली, तिला डांबर फासले, आणि वणव्यात झाड जळू नये म्हणून भोवतीचे गवत साफ ठेवण्याचे वचन मुखियाकडून घेतले. पुढे येणाऱ्या प्रवाशांना पुरावा राहावा म्हणून एक मोठा बिस्किटांचा डबा आणि काही वर्तमानपत्रेही ते गावात ठेवून गेले. हे वाचताना मला दर वेळी वाटते की, ही माणसे पुराव्याचे काम अभिलेखपालाइतक्या काळजीने करत होती.

हा जेकब वेनराइट कोण? तो याओ जमातीचा. लहानपणी तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला, इंग्रजांच्या आरमारी जहाजाने सोडवला गेला, आणि नाशिकजवळच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने चालवलेल्या आश्रमात वाढला. अरबी समुद्रात पकडलेल्या गलबतांवरून सुटलेली अशी कित्येक आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली बरीच शरणपूरला पाठवली जात; तेथे त्यांना लिहावाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकवत. लिव्हिंगस्टनच्या चरित्रात ‘नासिक बॉइज’ म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ती हीच मुले. लिव्हिंगस्टन स्वतः 1864 मध्ये आपली छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून मुंबईला आला होता, चुमा नावाच्या मुलाला त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले होते, आणि 1866 च्या जानेवारीत मुंबईहून निघाला तेव्हा शरणपूरची मुले आणि मुंबई सरकारने दिलेले काही शिपाई त्याच्याबरोबर होते. हाच चुमा पुढे शव घेऊन चालणाऱ्यांचा एक म्होरक्या झाला. जेकब नंतरच्या तुकडीतून, 1872 मध्ये, त्याच्याकडे पोहोचला.

चितांबोच्या झाडाचे पुढे काय झाले ते पाहा. 1899 मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने ते तोडवले आणि कोरलेल्या अक्षरांचा भाग लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे पाठवला. 1902 मध्ये त्या जागी क्रूस असलेला स्तंभ उभा राहिला. झाड किडू लागले होते, अक्षरे नाहीशी झाली असती, हे कारण खोटे नाही. पण एका आफ्रिकी माणसाने कोरलेला लेख जागेवरून हलला आणि त्याच्या जागी दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर आला, हेही तितकेच खरे आहे. जेकब शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत खांदेकऱ्यांत होता. 1892 मध्ये तो आजच्या टांझानियातल्या उरांबो येथे वारला. त्याने त्या प्रवासाची हातची रोजनिशी लिहून ठेवली होती आणि ती 2019 मध्ये सर्वांना वाचायला खुली झाली. एका झाडावरचा ओबडधोबड लेख, आणि तो कोरणाऱ्याची रोजनिशी, असे दोन्ही कागद शेजारी ठेवता येणे हे इतिहासकाराच्या वाट्याला क्वचित येते. आपल्या विद्यार्थ्यांना आफ्रिकेची वाटणी शिकवताना मी आपल्या जागी असतो तर युरोपीय सत्तांच्या बर्लिन परिषदेच्या आधी शरणपूरपासून सुरुवात केली असती. तेथला आश्रमप्रमुख विल्यम प्राइस पुढे आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ मुक्त गुलामांची जी वसाहत उभारायला गेला तिचे नाव फ्रिअरटाउन, आणि ज्या बार्टल फ्रिअरच्या नावाने ती वसली तो मुंबईचा माजी गव्हर्नर, जो पुढे दक्षिण आफ्रिकेत जाऊन 1879 च्या झुलू युद्धाला कारण झाला. मुंबई, नाशिक, मोंबासा आणि दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत ही त्या काळी साम्राज्याच्या एकाच वाटेवरची ठाणी होती.

आता आपल्या किल्ल्यातल्या गोरखचिंचेकडे येऊ. हे झाड मूळचे आफ्रिकेचे, म्हणजे आपल्याकडचे ते ‘प्रवासी’च. त्याची हत्तीच्या कातड्यासारखी करडी, सुरकुतलेली साल, पंजासारखी पाने, संध्याकाळी उमलणारी आणि दुसऱ्या दिवशी गळणारी मोठी पांढरी लोंबती फुले, मखमली लव असलेली फळे आणि त्यांतला आंबट पांढरा भुगा आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. आपल्याकडे त्याला गोरखनाथांचे नाव मिळाले. शास्त्रात त्याला मिशेल ॲडनसन या फ्रेंच माणसाचे नाव मिळाले. या ॲडनसनची गोष्ट आपल्या फलकाशी थेट जुळते. अठराव्या शतकाच्या मध्याला सेनेगलच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर त्याने गोरखचिंचेच्या खोडांवर जुन्या युरोपीय खलाशांनी कोरलेली नावे पाहिली. त्या कोरीव लेखांची वर्षे आणि खोडाची वाढ यांचा हिशेब मांडून त्याने मोठ्या झाडांचे वय पाच हजार वर्षांवर नेले. गणित नीट केले होते, पण झाड आयुष्यभर एकाच वेगाने जाड होते हे त्याचे गृहीत चुकीचे होते.

आपल्या फलकावरची हजार वर्षे अशाच कोणत्या तरी हिशेबातून आली असावीत. गोरखचिंचेत वार्षिक वलये असतात, पण ती पुसट असतात, मध्ये मध्ये गळतात, आणि जुन्या झाडाचा गाभा बहुधा पोकळ झालेला असतो. शिवाय मोठे झाड पुष्कळदा एक नसतेच. शेजारी वाढलेले अनेक बुंधे एकमेकांत मिसळून ते एक दिसते, आणि आत जी ढोली दिसते ती काही वेळा कुजून झालेली नसून त्या बुंध्यांच्या कड्यात मुळापासून राहिलेली मोकळी जागा असते. खोडात पाणी इतके साठते की अवर्षणात घेर कमी होतो. म्हणून घेराला एका आकड्याने गुणून वय काढणे हे शास्त्र नव्हे. ढोलीच्या आतल्या भिंतीतून लाकडाचे बारीक नमुने घेऊन किरणोत्सारी कार्बनने त्यांचे वय काढणे हा आजचा भरवशाचा मार्ग आहे. त्या पद्धतीने अलाहाबादजवळच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजजवळच्या, झूसीच्या गोरखचिंचेचे वय साडेसातशे वर्षांहून थोडे अधिक निघाले. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या आधी हे झाड गंगेच्या काठी पोहोचले होते.

‘हे झाड पोर्तुगीजांनी आणले’ हे विधान कोकणात आणि गोव्यात सर्रास ऐकू येते, आणि वसईसारख्या पोर्तुगीज किल्ल्याच्या परिसरात ती झाडे दिसतात म्हणून ते पटूनही जाते. पण 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असे आढळले की भारतातल्या गोरखचिंचा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडच्या झाडांना जवळच्या आहेत आणि त्या एकाच वेळी नव्हे तर वेगवेगळ्या काळात आल्या आहेत. अरब गलबते, गुलाम म्हणून आणलेली आणि पुढे सरदार झालेली हबशी माणसे, जंजिऱ्याचे सिद्दी, नंतरचे पोर्तुगीज, असे अनेक हात यात असू शकतात. मांडू, विजापूर, गोवळकोंडा अशा सुलतानी ठाण्यांत मोठ्या गोरखचिंचा आहेत, आणि मलिक अंबरसारखा हबशी दख्खनमध्ये निजामशाहीचा कारभार पाहत होता, या दोन गोष्टी शेजारी ठेवण्याचा मोह मलाही होतो. पण अमुक झाड अमुक सरदाराने लावले असे लिहायला कागद लागतो. तो मिळेपर्यंत ‘पूर्व आफ्रिकेतून, एकाहून अधिक वेळा’ एवढेच लिहावे. तेवढेही पुष्कळ आहे, कारण त्यात आपल्या इतिहासातून बव्हंशी नावाशिवाय राहिलेल्या आफ्रिकी माणसांना जागा होते.

वर म्हटलेला माझा अनुभव येथे सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी देशावरच्या एका कसब्यातल्या वडाविषयी मी लेख लिहिला होता. घेर मोजला, पारंब्यांचा विस्तार पाहिला, गावातल्या वृद्धांना विचारले, आणि साडेतीनशे वर्षे असा अंदाज लिहून टाकला. गावाने तो अंदाज दगडात कोरून घेतला. चार वर्षांनी वेगळ्याच कामासाठी अव्वल इंग्रजीतला एक हाताने काढलेला नकाशा उलगडला तेव्हा त्याच कोपऱ्यात, जेथे वड उभा आहे तेथे, घोड्यांच्या पागेची इमारत स्पष्ट रेखाटलेली होती. वड त्या पागेच्या पडक्या भिंतीवर उगवलेला होता आणि दोनशे वर्षांहून जुना असणे शक्य नव्हते. मी गावात जाऊन हे सांगितले. दगड अजून तसाच आहे. पण त्या पागेचा कागद हाती आल्यावर त्या कोपऱ्याचा जो इतिहास उघडला, मराठी फौजेची पागा, राज्य गेल्यावर ती ओस पडणे, मग तिच्या भिंतीत पाखरांनी टाकलेले बी, तो साडेतीनशे वर्षांच्या आकड्यापेक्षा किती तरी भरीव होता.

म्हणून आपण पुढील क्रमाने जावे असे सुचवतो. पहिल्यांदा झाड मोजा. बुंध्याचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर घेण्याची रीत आहे. उतारावर झाड असेल तर वरच्या अंगाने मोजा, आणि ज्या महिन्यात मोजले तो लिहून ठेवा. कापडी टेप सालीवर अडकतो, म्हणून दोघांनी मोजावे, आणि एकाने फक्त टेप सरळ आहे ना एवढेच पाहावे. खोडावर कोरलेले काही असेल तर त्याचे सकाळी आणि संध्याकाळी, तिरप्या उन्हात, छायाचित्र घ्या. झाड शेंड्याकडून वाढते, बुंध्याकडून वर उचलले जात नाही, म्हणून कोरलेले अक्षर त्याच उंचीवर राहते आणि साल पसरते तसे आडवे ताणले जाते. फार रुंद, फिकट झालेले अक्षर आणि त्याच्या शेजारचे रेखीव अक्षर एका काळातले नाही हे डोळ्यांना कळते.

त्यानंतर कागद. गॅझेटियरपासून, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथापासून, आरंभ करावा, पण तेथे थांबू नये, कारण गॅझेटियरकारही पुष्कळदा गावात ऐकलेलेच लिहीत असे. गावाच्या इनामपत्रांत चतुःसीमा सांगताना झाडांचे उल्लेख येतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात असे कागद मिळतात, आणि आपला किल्ला पोर्तुगीजांकडे होता तर पणजीलाही जावे लागेल. मोडी येत नसेल तर शिकावी; सहा महिन्यांत वाचनापुरती येते. किल्ल्याचे जुने नकाशे, लष्करी मोजणी, आणि 1835 नंतर मुंबई इलाख्यात सुरू झालेल्या जमीनमोजणीची पत्रके पाहावीत. सतराव्या आणि अठराव्या शतकातली वृत्ती समजून घ्यायची असेल तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आरमाराच्या लाकडाविषयीचा भाग जरूर वाचावा. आंबे, फणस ही झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, फारच जीर्ण झालेले एखादे झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे, असे त्यात बजावलेले आहे. त्यानंतर सुमारे एकशे तीस वर्षांनी, 1847 मध्ये, कंपनी सरकारने अलेक्झांडर गिब्सन याला मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक नेमले. तोही जंगले राखायलाच आला होता, पण त्या राखण्यात रयतेची संमती हा शब्द कोठे येतो आणि कोठे येत नाही, हे त्याच्या खात्याच्या पत्रव्यवहारात शोधून पाहण्यासारखे आहे.

आणि या दोन्हींबरोबर माणसे. पॅकनहॅम यांनी म्हाताऱ्या सैनिकांकडून जसे ऐकले तसे आपण किल्ल्याखालच्या वाडीतल्या लोकांकडून ऐका. त्या फळांचे सरबत कोण करत असे, ढोलीत कोणी राहिले होते का, फांदी तोडायला मनाई होती का आणि ती कोणाची, झाडाखाली कोणाची जागा मानतात. उत्तर इतिहासाशी जुळत नसले तरी जसेच्या तसे लिहा, सांगणाऱ्याच्या शब्दांत, तारखेसह, आणि कागदातून आलेली माहिती वेगळ्या वहीत ठेवा. दोन्ही एकाच वहीत गेल्या की पुढच्या माणसाला त्या सोडवता येत नाहीत.

फलकाविषयी मात्र थांबू नका. नवा पुरावा मिळेपर्यंत ‘वय हजार वर्षे’ या शब्दांच्या जागी ‘पूर्व आफ्रिकेतून आलेला वृक्ष, वय निश्चित झालेले नाही’ असे लिहून घेता येईल का, हे ज्यांनी फलक लावला त्यांना भेटून विचारा. आणि फलक बदलताना तो खिळ्याने खोडात ठोकू नये, शेजारी दगडावर बसवावा, कारण गोरखचिंचेचे लाकूड मऊ आणि पाण्याने भरलेले असते आणि खिळ्याच्या भोकातून आत कुजणे सुरू होते.